अपुऱ्या दिवसांच्या कळा, हॉस्पिटलचं दार आणि अमेरिकेतला कायदा

सांजवारा

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते. आज धागा काढतेय कारण घरात यावरून रोज वाद चाललाय आणि नक्की माहिती कुणालाच नाही.

माझे दादा-वहिनी टेक्सासमध्ये असतात. वहिनीला २९ वा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर दोघं जोडसुट्टीत पश्चिमेकडे डोंगरात गेले. तिथे रात्री तिची कंबर दुखायला लागली, मग पोट राहून राहून कडक व्हायला लागलं. जवळचं हॉस्पिटल गाठलं. छोटंसं आहे, इमर्जन्सी आहे, बाळंतपणाचा विभाग नाही. खिडकीवर पहिल्यांदा इन्शुरन्स कार्ड मागितलं. मग नर्सने बीपी घेतलं, ताप पाहिला आणि सांगितलं, आमच्याकडे बाळंतपणं होत नाहीत, पुढच्या मोठ्या गावी जा, सत्तर मैल आहे. डॉक्टर बाहेर आलेच नाहीत. दादाने अँब्युलन्सचं विचारलं तर म्हणे तुमच्या गाडीनेच लवकर पोचाल.

पोचले. तिथे तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं. स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्याची वेळ व्हायच्या आत बाळ झालं. मुलगी, १,१५० ग्रॅम. तिथून तिला हेलिकॉप्टरने मोठ्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवलं. आता बाळ-बाळंतीण दोघी ठीक आहेत, बाळ पेटीत आहे आणि वजन घेतंय.

दादा म्हणतो, त्यांच्याकडे सोयच नव्हती तर ते तरी काय करणार, पोरगी सुखरूप आहे ना, विषय संपव. मला हे पटत नाही. कळा देणाऱ्या बाईला असं वाटेला लावणं कायद्यात बसतं का? आणि आता बिलं यायला लागली आहेत, त्यातलं कुठलं मुकाट भरायचं आणि कुठल्यावर भांडायचं?

रिकामटेकडा

बाप रे. छकुलीला आणि वहिनींना खूप शुभेच्छा. माहिती काहीच नाही, प्रतिसाद वाचायला बसलोय.

रात्रपाळी

मी लेबर अँड डिलिव्हरीत नर्स आहे, दुसऱ्या राज्यात. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे तुमच्याकडेही तोच.

त्याचं नाव एम्टाला. १९८६ चा. मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला तो लागू आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. पेशंटकडे मेडिकेअर असायची गरज नाही, इन्शुरन्स असो नसो, व्हिसा कुठलाही असो. दारात आलेल्या माणसाची तपासणी करायची, जीव धोक्यात येईल असं काही असेल तर आपल्या कुवतीत आहे ते सगळं करून त्याला स्थिर करायचं, आणि कुवतीबाहेर असेल तर रीतसर दुसरीकडे पाठवायचं. गर्भार बाईसाठी त्यात वेगळी तरतूद आहे. कळा चालू असतील आणि सुरक्षित हलवायला वेळ नसेल, किंवा हलवल्याने तिला वा पोटातल्या बाळाला धोका असेल, तर ती आपोआप इमर्जन्सी धरली जाते. आणि अशा बाईला 'स्थिर' कधी म्हणायचं तेही कायद्यातच लिहिलंय: बाळ बाहेर आलं आणि वार पडली की. त्याआधी नाही.

आता तुमच्या वहिनींचं. बीपी आणि ताप घेणं ही तपासणी नव्हे, तो ट्रायेज झाला, म्हणजे कुणाला आधी बघायचं हे ठरवणं. कळा खऱ्या की खोट्या हे पोटावर हात ठेवून, मॉनिटर लावून, आतून तपासून आणि थोडा वेळ थांबून बघावं लागतं. खोट्या कळा आहेत असा दाखला डॉक्टर, नर्स-मिडवाइफ किंवा हॉस्पिटलने नियमात नेमून दिलेली पात्र व्यक्तीच देऊ शकते, तोही पुरेसा वेळ निरीक्षण केल्यावर. खिडकीवरून "पुढे जा" हा दाखला होत नाही.

कार्ड मागण्याबद्दल: नाव-गाव-कार्ड विचारायला बंदी नाही. पण त्यापायी तपासणी एक मिनिटही लांबता कामा नये. हे हक्क सांगणारी पाटी प्रत्येक इमर्जन्सीच्या भिंतीवर लावावीच लागते, "कळा सुरू असलेल्या स्त्रिया" असा उल्लेख असलेली. बहुतेक ठिकाणी ती सोड्याच्या मशीनशेजारी असते, कोणी वाचत नाही.

भाबडा करदाता

थोडी दुसरी बाजू. खेड्यातल्या हॉस्पिटलांची अवस्था पाहिली आहे का? बाळंतपणाचे विभाग धडाधड बंद होताहेत, कारण वर्षाला मूठभर बाळंतपणांसाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ, नर्सेस आणि प्रसूतितज्ज्ञ पोसणं परवडत नाही. इमर्जन्सीत रात्री एकच डॉक्टर, तोही बहुधा फॅमिली मेडिसिनचा. त्याने २९ आठवड्यांचं बाळ तिथे जन्माला घातलं असतं आणि काही बरंवाईट झालं असतं, तर हाच धागा "त्यांनी पुढे का नाही पाठवलं" असा निघाला असता. वहिनींना पुढे पाठवणं हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होता.

रात्रपाळी

पुढे पाठवणं बरोबर, कोण नाही म्हणतंय? अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी सर्वात चांगली अँब्युलन्स म्हणजे आईचं पोट, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोच्या आतलं बाळ तिसऱ्या पातळीच्या एनआयसीयूत जन्मावं हेच उत्तम.

प्रश्न कसं पाठवलं हा आहे. प्रसूतितज्ज्ञ नसलेल्या इमर्जन्सीतही काय करता आलं असतं ते सांगते. डॉक्टरने आतून तपासलं असतं, तर किती वेळ हाताशी आहे हे कळलं असतं. बीटामेथासोनचं १२ मिलिग्रॅमचं इंजेक्शन तिथेच देता आलं असतं. ते बाळाच्या फुप्फुसांसाठी असतं, दोन डोस २४ तासांच्या अंतराने द्यायचे असतात, म्हणजे घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. वहिनींना दुसरा डोस मिळाला नाही म्हणताय, त्यात ते सत्तर मैल आणि त्याआधीचा वेळ आलाच. ३२ आठवड्यांच्या आत मॅग्नेशियम सल्फेट देतात, बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी. हेही इमर्जन्सीत असतं. आणि हे सगळं चालू असताना एकाने फोनवर मोठ्या हॉस्पिटलशी बोलायचं.

विभाग नाही हे विभाग न चालवण्याचं कारण आहे. बाई न तपासण्याचं नाही.

शिवाय आता मेडिकेअरने नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम काढले आहेत. त्यातला इमर्जन्सीच्या तयारीचा भाग १ जुलै २०२५ पासून लागू झाला. इमर्जन्सी सेवा देणाऱ्या हॉस्पिटलांनी प्रसूतीतल्या आणीबाणीसाठीही ठरलेली पद्धत, सामान आणि स्टाफचं प्रशिक्षण ठेवायचं आहे.

कलमकसाई

मी वकील आहे, तुमचा वकील नाही, हे सल्लापत्र नाही वगैरे वगैरे.

रात्रपाळी यांनी गाभा अचूक सांगितला. दुसरीकडे पाठवायचं असेल तर कायद्याला काय लागतं तेवढं जोडतो. स्थिर नसलेल्या पेशंटला हलवायचं तर एकतर तिने धोके समजून घेऊन स्वतः लेखी मागणी केलेली हवी, नाहीतर डॉक्टरने लिहून सही केलेली हवी की हलवण्याचे फायदे धोक्यापेक्षा जास्त आहेत. डॉक्टर जागेवर नसेल तर पात्र व्यक्ती त्याच्याशी बोलून सही करते आणि तो नंतर प्रतिस्वाक्षरी करतो. पुढच्या हॉस्पिटलने जागा आहे आणि आम्ही घेतो असं कबूल केलेलं हवं. कागद सोबत जायला हवेत. आणि प्रवास योग्य माणसं व योग्य सामान असलेल्या वाहनातून व्हायला हवा. कळा देणारी बाई, शेजारी गाडी चालवणारा नवरा आणि जीपीएस यात ते बसत नाही.

हे प्रकरण उलटवायला हॉस्पिटलकडे एकच ठराविक बचाव असतो: "आम्ही पाठवलं नाही, ते आपण होऊन गेले." कायद्यात 'ट्रान्सफर' म्हणजे हॉस्पिटलच्या माणसांच्या सांगण्यावरून बाहेर हलवणं. न सांगता उठून गेलेला माणूस त्यात येत नाही. म्हणून मला पहिलं हे सांगा: दादा-वहिनींनी निघताना कशावर सही केली?

आता जरा इतिहास, कारण तो टेक्सासचाच आहे. डिसेंबर १९८६, कायदा नवाकोरा. व्हिक्टोरिया नावाच्या गावात एक बाई कळा देत आली. सहावं बाळंतपण, आधी कुणाकडे नाव घातलेलं नाही, इन्शुरन्स नाही, रक्तदाब २१०/१३०. त्या दिवशी कॉलवर असलेल्या डॉ. बर्डिट यांनी तिला १७० मैलांवरच्या गॅलव्हेस्टनला पाठवायचं ठरवलं. नर्सने नव्या कायद्याची कागदपत्रं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि बाईला अँब्युलन्समध्ये घातलं. चाळीसेक मैलांवर बाळ अँब्युलन्समध्येच झालं. नशिबाने धडधाकट. डॉक्टरांना २०,००० डॉलर दंड झाला, ते अपिलात गेले आणि १९९१ मध्ये पाचव्या सर्किटच्या कोर्टाने (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) दंड कायम केला. सर्टिफिकेटवर नुसती सही पुरत नाही, सही करणाऱ्याने धोके आणि फायदे खरोखर तोलले पाहिजेत, हे त्या निकालातलं महत्त्वाचं वाक्य. टेक्सास पाचव्या सर्किटमध्येच येतं, तेव्हा तुमच्यासाठी हा निकाल घरचाच.

आणखी एक. सुरुवातीला कायद्यात 'चालू प्रसूती' अशी भाषा होती, ती १९८९ मध्ये सैल केली. त्यामुळे कळा किती जोरात होत्या यावर आता घासाघीस होत नाही, वेळ आणि धोका बघतात.

उंटावरचा शहाणा

म्हणजे बाळ धडधाकट असूनही दंड झाला? हे विशेष आहे. आपल्याकडे सगळे "काही झालं नाही ना मग" यावरच थांबतात.

कलमकसाई

हो. नियम मोडला की मोडला, परिणाम काहीही असो. सरकारी कारवाईला नुकसान दाखवावं लागत नाही. मात्र तुम्ही स्वतः नुकसानभरपाईचा दावा लावणार असाल तर नुकसान दाखवावं लागतं. तो दावा हॉस्पिटलवर होतो, डॉक्टरवर नाही, आणि दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. टेक्सासमध्ये इमर्जन्सी विभागांविरुद्धचे निष्काळजीपणाचे दावे भलतेच अवघड करून ठेवले आहेत, तेव्हा दाव्यापेक्षा तक्रार बरी. तक्रार राज्याच्या आरोग्य खात्याकडे किंवा थेट सीएमएसकडे, म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय खात्याकडे, करता येते, निनावीसुद्धा. वकील लागत नाही, फी नाही. तपास बहुतेक वेळा अचानक भेट देऊन होतो आणि सगळ्यात आधी बघतात ते इमर्जन्सीचं नोंदवहीसारखं रजिस्टर. आलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद ठेवणं बंधनकारक आहे. वहिनींचं नाव तिथे नसेल तर तो वेगळा गुन्हा.

दंडाचा आकडा मूळ कायद्यात २५,००० डॉलर होता, मग ५०,००० झाला, आणि महागाईप्रमाणे वाढत वाढत आता एका उल्लंघनाला लाखाच्या वर गेलाय. १०० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलला निम्मा. पण हॉस्पिटलं खरी घाबरतात ती मेडिकेअर बंद होण्याला.

सांजवारा

सगळ्यांचे खूप आभार. दादाला विचारलं. सुरुवातीला खिडकीवर एका टॅबलेटवर बोटाने सही केली होती, वाचायला काही दिलं नाही. त्याला वाटतं ती उपचाराची संमती असावी. निघताना काहीच नाही. वहिनीने तर कशावरच सही केलेली नाही.

एक विचारते. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीण बाई पहिल्या हॉस्पिटलवर चांगल्याच चिडल्या होत्या म्हणे. त्यांचं काही कर्तव्य असतं का, की तेही एकमेकांना सांभाळून घेतात?

रात्रपाळी

असतं. चुकीच्या पद्धतीने पाठवलेला पेशंट आपल्याकडे आलाय असं वाटायला सबळ कारण असेल, तर घेणाऱ्या हॉस्पिटलला ७२ तासांच्या आत कळवावंच लागतं. न कळवल्यास कारवाई त्यांच्यावरही. त्यामुळे कदाचित तक्रार आधीच गेली असेल. तरी तुम्ही वेगळी करा.

आणि दुसऱ्या बाजूचंही एक सांगते, कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. ज्यांच्याकडे विशेष सोय आहे त्यांनी जागा असेल तर अशा पेशंटला नाही म्हणायचं नाही, असं कलमच आहे. आणि त्यात भाजलेल्यांचे विभाग वगैरेंच्या जोडीने नवजात अतिदक्षता विभागाचं नाव स्पष्ट लिहिलंय. म्हणजे त्या छोट्या हॉस्पिटलने एक फोन केला असता तर मोठ्या एनआयसीयूला इन्शुरन्स बघून टाळता आलं नसतं. कोणी फोन केला नाही एवढंच.

कलमकसाई

दोन्ही हॉस्पिटलांचे पूर्ण रेकॉर्ड मागवा. हिपाखाली (पेशंटच्या माहितीचा केंद्रीय कायदा) ३० दिवसांत द्यावे लागतात. पहिल्याकडून रजिस्टरमधली नोंद आणि त्या टॅबलेटवरच्या सहीचा कागदही मागा. आणि दादाच्या फोनमधलं मॅप्सचं टाइमलाइन जपून ठेवा, किती वाजता आत गेले आणि किती वाजता निघाले हे त्यात आपसूक आहे.

बिलवाली मावशी

आता माझ्या प्रांतात या. मी मेडिकल बिलिंगमध्ये आहे.

सगळ्यात आधी: बाळाचं नाव इन्शुरन्समध्ये घातलंत का? नोकरीतल्या प्लॅनला जन्मापासून ३० दिवसांची मुदत असते. बऱ्याच जणांना वाटतं आईच्या पॉलिसीत बाळ आपोआप आलं. नाही येत. मुदतीत घातलं तर कव्हर जन्माच्या दिवसापासून धरतात, मुदत चुकली तर पुढच्या नोंदणीपर्यंत बसा बोंबलत, आणि एनआयसीयूचं बिल कसं असतं ते मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाला झोप येणार नाही. सोशल सिक्युरिटी नंबर आलेला नसला तरी फॉर्म भरता येतो, नंबर मागून देता येतो. एचआर काहीही म्हणो.

हेलिकॉप्टर: २०२२ पासून नो सर्प्राइजेस कायदा लागू आहे. इन्शुरन्सच्या जाळ्याबाहेरच्या (म्हणजे इन्शुरन्सशी करार नसलेल्या) एअर अँब्युलन्सलाही तुमच्याकडून जाळ्यातल्याइतकाच वाटा घेता येतो. तीस-चाळीस हजारांचं बिल थेट घरी आलं तर भरू नका, आधी इन्शुरन्सचं ईओबी (कुणी किती भरायचं हे सांगणारं पत्रक) बघा. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही. ती पळवाट अजून उघडीच आहे.

एनआयसीयूतले डॉक्टर: हॉस्पिटल जाळ्यात, पण तिथले निओनेटॉलॉजिस्ट जाळ्याबाहेर, हा जुना खेळ. आता तोही बंद. नवजात-तज्ज्ञांच्या बाबतीत तुमच्याकडून "मी जादा पैसे द्यायला तयार आहे" असं लिहून घ्यायलाही मनाई आहे. असा कागद पुढे आला असेल तर फोटो काढून ठेवा.

पहिल्या हॉस्पिटलचं बिल आलं का? येईल. बीपी घेतल्याचं. ते भरायच्या आधी कलमकसाईंना विचारा.

आणि एक गोष्ट जी एनआयसीयूतल्या सोशल वर्करने सांगायला हवी होती: जन्माचं वजन १,२०० ग्रॅमच्या आत असेल तर बाळ एसएसआयच्या (अपंग आणि गरजूंसाठीच्या केंद्राच्या मासिक मदतीच्या) नियमात बसतं. बाळ हॉस्पिटलात असेपर्यंत आईबापाचा पगार धरत नाहीत. रोख रक्कम या काळात महिना जेमतेम ३० डॉलर असते, पण ३० डॉलरसाठी करायचंच नाही. बहुतेक राज्यांत त्याच्याबरोबर मेडिकेड (गरजूंसाठीचा सरकारी आरोग्य विमा) येतं, आणि ते तुमच्या इन्शुरन्सनंतर उरलेलं उचलतं. तुमचं बाळ १,१५० आहे. आजच सोशल सिक्युरिटीला फोन करा, कारण अर्जाची तारीख महत्त्वाची.

सांजवारा

मावशी, एसएसआयचं खरंच कोणीच सांगितलं नव्हतं! दादा दोघांच्या पगारामुळे आपल्याला काही मिळणार नाही असं धरूनच बसला होता. नाव घालायची मुदत अजून आहे, तो आत्ता एचआरला लिहितोय.

पण वहिनीला दोन दिवसांत घरी सोडलं, बाळ तिथेच. ती इन्शुरन्समुळे का? तिला अजून बसता उठता येत नव्हतं.

बिलवाली मावशी

१९९६ चा नवजात आणि मातांच्या आरोग्य-संरक्षणाचा कायदा. त्याआधी इन्शुरन्सवाले बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवायचे. कायद्याने साध्या बाळंतपणाला ४८ तास आणि सीझरला ९६ तास हे किमान केलं, मोजायचे बाळ झाल्यापासून. ते किमान आहे, कमाल नाही. पण त्यापुढे राहायचं तर डॉक्टरने वैद्यकीय कारण लिहावं लागतं. बाळ एनआयसीयूत आहे हे आईला ठेवून घ्यायचं कारण धरत नाहीत. मला हा त्या कायद्यातला मोठा तोकडेपणा वाटतो. बऱ्याच एनआयसीयूंजवळ पालकांना राहायची स्वस्त सोय असते, सोशल वर्करला विचारा.

नारळीपौर्णिमा

आमचा मुलगा २३ व्या आठवड्यातला. आता शाळेत जातो, चष्मा आहे, दंगा करतो. तुमच्या बाळासाठी मनापासून शुभेच्छा. २९ आठवडे ऐकून एनआयसीयूतल्या आमच्या गटात लोक "अरे वा, मोठं बाळ" म्हणाले असते.

मला इतक्या लवकरच्या बाळांबद्दल कायदा काय म्हणतो हे विचारायचंय. आम्हाला जन्माआधी निओनेटॉलॉजिस्ट भेटायला आले होते. खुर्ची ओढून बायकोच्या उशाशी बसले, कागदावर आठवड्यांची आडवी रेघ काढली, आणि २३ पाशी पेन ठेवून म्हणाले, इथे आम्ही तुम्हाला विचारतो. याच्या अलीकडे आम्ही सहसा सुचवत नाही, २५ च्या पलीकडे आम्ही विचारत बसत नाही, करतो. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात हीच रेघ एक आठवडा पुढे होती असं नंतर कळलं. हे असं प्रत्येक हॉस्पिटलने आपापलं ठरवायचं? कायद्यात आठवडा लिहिलेला नाही?

कलमकसाई

नाही लिहिलेला, आणि मला वाटतं तेच ठीक आहे. पण त्यावरून भांडणं बरीच झाली आहेत.

२००२ चा जिवंत जन्मलेल्या अर्भकांचा कायदा आहे. श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतलं स्पंदन किंवा हातापायांची स्वतःहून हालचाल, यातलं काहीही दिसलं की ते बाळ केंद्राच्या कायद्यापुढे 'व्यक्ती', कितव्याही आठवड्यातलं असो. त्यात कुठला उपचार करावा हे सांगितलेलं नाही. पण व्यक्ती म्हटलं की एम्टाला लागू होतो, असं सीएमएसने २००५ मध्ये हॉस्पिटलांना कळवलं.

मग प्रश्न येतो एम्टाला किती वेळ चालतो. विस्कॉन्सिनमध्ये १९९९ साली २३ आठवडे २ दिवसांचं, सातशेक ग्रॅमचं बाळ झालं. हॉस्पिटलने त्याला जगवायचे प्रयत्न केले नाहीत, ते अडीच तास जगलं. आईने दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की प्रसूती विभागातून आलेल्यालाही तपासणीचा हक्क आहे, इमर्जन्सीच्याच दारातून यायला हवं असं नाही. पण खटला परत खाली गेला आणि २००८ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, आई भरती झाली तेव्हाच बाळही भरती झालं, आणि भरती पेशंटला एम्टालाची तपासणी लागू नाही. आई हरली.

एम्टालाची सगळ्यात मोठी मर्यादा हीच. तो दाराचा कायदा आहे. २००३ च्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलने प्रामाणिकपणे भरती करून घेतलं की त्याचं काम संपलं, पुढे राज्याचा निष्काळजीपणाचा कायदा. याच्या उलट टोकाला १९९४ चा व्हर्जिनियातला 'बेबी के' खटला: मेंदूचा मोठा भाग नसलेलं बाळ, डॉक्टरांच्या मते उपचार निरर्थक, आईला हवे होते. चौथ्या सर्किटने सांगितलं, श्वास अडकून इमर्जन्सीत आलं की श्वास द्यावाच लागेल, कायद्यात अपवाद नाही.

उंटावरचा शहाणा

२०२० मध्ये ट्रंप यांनी यावरच काही हुकूम काढला होता ना?

कलमकसाई

२५ सप्टेंबर २०२० चा कार्यकारी आदेश. २४ आठवड्यांच्या आतल्या बाळांना काही हॉस्पिटलं तपासत नाहीत किंवा पुढे पाठवत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं, आणि आरोग्य खात्याने हॉस्पिटलांना एम्टाला आणि अपंगांशी भेदभाव न करण्याच्या कायद्याची आठवण करून द्यावी असा आदेश होता. नवा हक्क त्याने दिला नाही, देऊही शकत नाही, ते काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं काम. निवडणुकीच्या तोंडावर काढला होता, हे ज्याने त्याने समजून घ्यावं.

रात्रपाळी

नारळीपौर्णिमा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. रेघ वेगवेगळी असण्यापेक्षा ती आईबापाला न सांगणं जास्त वाईट. २२-२३ आठवड्यांच्या बायकांनी आल्या आल्या विचारावं: तुम्ही कितव्या आठवड्यापासून प्रयत्न करता? उत्तर न पटल्यास जिथे करतात तिथे हलवा असं म्हणता येतं, आणि पोटात बाळ असताना म्हणणं सोपं.

भाबडा करदाता

आणि त्याच बाईचं पाणी १८ व्या आठवड्यात गेलं तर? तेव्हा गर्भपातावर बंदी घातलेलं हेच टेक्सास काय करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तुमचा एम्टाला कुठे जातो?

कलमकसाई

रास्त प्रश्न. २०२२ मध्ये मिसूरीतल्या एका बाईचं पाणी साधारण त्याच सुमारास गेलं. बाळ जगणार नव्हतं आणि तिला जंतुसंसर्गाचा धोका होता, तरी मिसूरी आणि कॅन्सस मिळून दोन हॉस्पिटलांनी गर्भ काढायला नकार दिला. २०२३ मध्ये सीएमएसने दोन्ही हॉस्पिटलांनी एम्टाला मोडल्याचा निष्कर्ष काढला. आयडाहो राज्याची गर्भपातबंदी विरुद्ध एम्टाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, जून २०२४ मध्ये न्यायालयाने मूळ प्रश्नाचा निकाल न देताच तो परत पाठवला. अशा आणीबाणीत गर्भपातही एम्टालात येतो असं सांगणारं २०२२ चं सरकारी मार्गदर्शन जून २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. कायदा शब्दशः तोच आहे, पण राज्याचा तुरुंगवास समोर दिसत असताना रात्री दोन वाजता डॉक्टर कुठला कायदा आठवेल, हे तुम्हीच सांगा.

रिकामटेकडा

टेक्सासने मुळात

(हा आणि यापुढचे नऊ प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. गर्भपाताच्या राजकारणासाठी वेगळा धागा आहे, तिथे काय ते करा. इथे एका घरात बाळ पेटीत आहे याचं भान ठेवा. – संपादक)

पोळपाट

रजेचं कोणी बोललं नाही म्हणून. केंद्राची एफएमएलए म्हणजे १२ आठवडे बिनपगारी, कंपनीत ५० माणसं आणि तुमचं वर्ष व १,२५० तास भरलेले असतील तर. एनआयसीयूवाल्यांनी ती सलग घेऊन टाकू नये. बाळाच्या गंभीर आजारपणासाठी म्हणून घेतली तर तुकड्यातुकड्याने घेता येते, त्याला साहेबाची परवानगी लागत नाही. फक्त बाळाजवळ राहायला म्हणून तुकडे हवे असतील तर मात्र लागते. दादाने आता आठवड्यातून थोडी थोडी घ्यावी आणि बाळ घरी आल्यावरसाठी राखून ठेवावी. कोलोरॅडोने २०२६ पासून एनआयसीयूसाठी आणखी १२ आठवडे पगारी रजा दिली आहे. टेक्सासमध्ये असलं काही नाही.

सांजवारा

ताजी खबर. बाळाचं नाव इन्शुरन्समध्ये गेलं. एसएसआयसाठी फोन झाला, अर्जाची तारीख मिळाली. रेकॉर्डची मागणी दोन्हीकडे गेली. पहिल्या हॉस्पिटलचं बिलही आलं, मावशी म्हणाल्या तसंच, त्यावर 'इमर्जन्सी तपासणी, पातळी तीन' असं लिहिलंय.

कलमकसाई

अरे वा! हे बिल फ्रेम करून ठेवा. तपासणी केल्याचे पैसे मागताहेत, म्हणजे ती कोणी केली, कोणत्या नोंदीत आहे आणि डॉक्टरचं नाव काय, हे त्यांना आता दाखवावं लागेल. भरू नका. तक्रारीला जोडा. इन्शुरन्सलाही कळवा की ही सेवा मिळालेली नाही.

दादा तयार आहे का तक्रारीला?

सांजवारा

वहिनी तयार आहे. तिने कालच लिहायला घेतली.

बिलवाली मावशी

आयटमाइज्ड (बाबवार) बिल मागवा. नुसत्या 'पातळी तीन'वर समाधान मानू नका, खालचे कोड बघायला हवेत. आले की नावं झाकून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिरवा चहा

माझी बायको ३४ आठवड्यांची आहे आणि आम्हाला पुढच्या आठवड्यात विमानाने न्यू जर्सीला जायचंय, एअरलाइन पत्र मागते का?

रिकामटेकडा

अहो, धागा वाचलात का वरचा?

बिलवाली मावशी

एअरलाइनचं त्यांच्या साइटवर बघा, प्रत्येकीचं वेगळं असतं. पण जाणारच असाल तर न्यू जर्सीतली कुठली हॉस्पिटलं तुमच्या प्लॅनमध्ये आहेत आणि त्यातल्या कुणाकडे एनआयसीयू आहे, हे आज काढून ठेवा. आणि बायकोची प्रसूतीपूर्व फाइल फोनमध्ये टाकून न्या.